बाल्साचा टॉपवॉटर ल्यूर पाण्यात आडवा पडतो? चाकू सगळ्यात शेवटी उचला

बाल्सा या अगदी हलक्या लाकडाचा, घरी बनवलेला टॉपवॉटर ल्यूर, म्हणजे पाण्यावर तरंगत चालणारं माशाचं खोटं आमिष, दुरुस्तीला घेऊन येणारे बहुतेक जण एकच वाक्य बोलतात : "दिसायला झकास झालाय, पण पाण्यात टाकला की कुशीवर झोपतो." आणि हे सांगेपर्यंत त्यांनी ल्यूरची एक बाजू पॉलिश पेपरने घासून उघडी केलेली असते. मग मूळ दोष एक असतो, त्यात घासण्याचा दुसरा मिळतो, आणि दोन्ही एकमेकांत मिसळले की काहीच कळेनासं होतं. दोष लाकडात क्वचित असतो. म्हणून खाली तपासण्या ज्या क्रमाने दिल्यात त्याच क्रमाने करा. पहिल्या चार-पाचांना जवळपास पैसे लागत नाहीत.

हे सगळं पॉपर, म्हणजे खोलगट तोंडाने पाणी उडवणारा ल्यूर, आणि पेन्सिल, म्हणजे पाण्यावर नागमोडी चालणारा लांबोडा ल्यूर, या दोन जातींबद्दल आहे. खाडीत जिताड्याला, तांबोशीला किंवा तळ्यात मरळीला टाकायला लोक याच बनवतात.

लक्षणं

तुमचा ल्यूर यातलं नेमकं काय करतो ते आधी ठरवा. "नीट चालत नाही" हे लक्षण नव्हे.

- स्थिर पाण्यातच एका कुशीवर पडतो किंवा कायम तिरका बसतो.
- स्थिर पाण्यात सरळ बसतो, पण ओढायला लागलं की गरगर फिरतो आणि लाइनला पीळ पडतो.
- नागमोडी चालत नाही, दर झटक्याला एकाच बाजूला पळतो.
- झटका दिला की पाणी उडवण्याऐवजी नाक खुपसून खाली जातो.
- पहिला अर्धा तास छान चालतो, मग हळूहळू खाली बसत जातो, तिरका होतो. घरी आल्यावर रंगाखाली फुगवटे दिसतात.

शेवटचं लक्षण असेल तर बादलीचा प्रयोग करून सरळ पाणी शिरण्याच्या भागाकडे जा. गळ आणि कड्या (गळ आणि लाइन अडकवायचे बॉडीतले तारेचे वेढे) चाचपण्यात वेळ घालवू नका.

आधी हात तपासा

दुकानातला, चालतो याची खात्री असलेला एखादा टॉपवॉटर त्याच रॉडला, त्याच लीडरला (लाइनच्या टोकाला जोडलेला वेगळा तुकडा), त्याच गाठीने बांधा आणि ओढून बघा. तोही एकाच बाजूला पळत असेल तर तुमच्या ल्यूरला काही झालेलं नाही. पेन्सिलला नागमोडी चालवायचं तर झटका दिल्यावर लगेच लाइन सैल सोडावी लागते. त्या सैल क्षणातच तिचं नाक दुसरीकडे वळतं. लाइन कायम ताठ ठेवून रीळ फिरवत राहिलं तर जगातली कुठलीही पेन्सिल सरळ रेषेत ओढली जाते. ही तपासणी लोकांना अपमानास्पद वाटते, त्यामुळे कोणी करत नाही.

बादली

आता मुख्य प्रयोग. खोल बादली किंवा टब घ्या. ल्यूर जसा पाण्यात टाकणार तसाच पूर्ण तयार असावा : ट्रेबल (तीन काट्यांचे गळ), ते कडीत अडकवायच्या स्प्लिट रिंगा, पुढे वीतभर लीडर. गळाच्या टोकांवर सलाइनच्या नळीचे तुकडे खुपसून ठेवा म्हणजे बोटं वाचतील, पण मोजमापाच्या वेळी ते काढा. एवढ्याशा तुकड्यांनीही तोल बदलतो.

पाणी शक्यतो जिथे टाकणार तिथलंच घ्या. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असतं. तुमच्या ल्यूरचं आकारमान २० घनसेंटिमीटर असेल तर गोड्या पाण्यात तो २० ग्रॅमपर्यंत वजन पेलतो, समुद्रात साधारण २०.५ ग्रॅमपर्यंत. अर्ध्या ग्रॅमचा फरक ऐकायला फुटकळ आहे, पण काठावर तरंगणाऱ्या ल्यूरचा तेवढ्यात निकाल लागतो. खाडीच्या मुखाशी मस्त बसणारा ल्यूर पावसाळ्यात वरच्या अंगाला, जिथे नदीचं गोडं पाणी भरलेलं असतं तिथे, खाली बसतो. मग लोक म्हणतात पाणी शिरलं. काही शिरलेलं नसतं.

ल्यूर शांत तरंगू द्या. मग बोटाने पूर्ण उलटा करा, पोट वर, आणि सोडा. दोनपैकी एक काहीतरी होईल.

एक : तो उलटाच राहील, किंवा आळसावून कसाही पडून राहील. डावीकडे कलवला तर डावीकडे, उजवीकडे कलवला तर उजवीकडे. याला मी "सैल" ल्यूर म्हणतो. याच्या पोटात खाली पुरेसं वजन नाही.

दोन : कसाही सोडा, फिरून फिरून त्याच एका कुशीवर येऊन थांबेल. हा "तिरका" ल्यूर. याच्यात वजन आहे, पण ते मध्यरेषेवर नाही. ज्या कुशीवर झोपतो तिथे मार्करने खूण करा.

हे दोन वेगळे आजार आहेत आणि त्यांचे उपाय उलट आहेत. सैल ल्यूरला घासून काही मिळत नाही, आणि तिरक्या ल्यूरच्या पोटात नुसतं शिसं वाढवलं तर तो तिरकाच राहतो, फक्त आणखी खोल बसतो.

बाल्साच्या बाबतीत सैलपणा एवढा का दिसतो? गोल काप असलेल्या बॉडीला स्वतःचा असा खालचा-वरचा भाग नसतो. कशीही फिरवली तरी पाण्यात तिचा आकार तोच. सरळ राहण्याची सगळी जबाबदारी खाली असलेल्या वजनावर येते, बुडात वजन घातलेल्या त्या डोलणाऱ्या बाहुलीसारखी. जड लाकडाची बॉडी खोल बसते, बाल्सा मात्र बुचासारखा पाण्यावर उंच राहतो आणि वर राहिलेला तो भाग कुठल्याही बाजूला झुकायला तयारच असतो. पोटाकडे किंचित रुंद, चपटा काप ठेवला तर हा त्रास निम्म्याने कमी होतो. नवीन माणसाला मी तोच आकार करायला सांगतो.

आता सगळे गळ आणि रिंगा काढून पुन्हा तरंगवा. तिरकेपणा गेला तर दोष गळ, रिंगा किंवा कड्यांमध्ये आहे. राहिला तर बॉडी, लेप किंवा आत शिरलेलं पाणी. एवढ्या दोन मिनिटांनी पुढची अर्धी यादी गळून पडते.

गळ, रिंगा, गाठ

ट्रेबल मोकळा लटकत असेल तर तो कुठेही हलो, त्याचा भार जिथे कडी आहे तिथेच पडतो. त्यामुळे पोटाखालची कडी मध्यरेषेपासून एक मिलिमीटर जरी सरकलेली असली तरी ल्यूर तिकडे झुकतो. पण ट्रेबलचा एखादा काटा पोटावर टेकून अडकला असेल, किंवा जाड स्प्लिट रिंग बारीक कडीत आवळून बसली असेल, तर गळ लटकत नाही, एका बाजूला धरून ठेवल्यासारखा राहतो. ल्यूर हातात उभा धरून हलवा. दोन्ही ट्रेबल खळखळ हलले पाहिजेत. नसतील तर रिंग एक नंबर बदला. पाचदहा रुपयांचं काम.

मग गळाचा आकार. मोठ्या माशाच्या आशेने लोक आठ सेंटिमीटरच्या पेन्सिलला असले ट्रेबल लावतात की नाकापेक्षा मोती जड. पोटाचा आणि शेपटीचा ट्रेबल ओढून एकमेकांत अडकत असतील तर ते नक्कीच मोठे आहेत. उलटंही घडतं : बनवताना एका गळावर तोल साधला, नंतर गंजला म्हणून हाताला आला तो दुसरा लावला. पातळ तारेचा असेल तर तोल वर जातो आणि काल चालणारा ल्यूर आज सैल होतो. गळ बदलताना जुना आणि नवा दोन्ही सोनाराच्या छोट्या काट्यावर ठेवून बघा. असा खिशातला डिजिटल काटा या छंदात चाकूइतकाच लागतो.

लीडर आणि गाठ. फ्लोरोकार्बनची सापेक्ष घनता १.७८, नायलॉनची सुमारे १.१४, आणि ब्रेडची, म्हणजे विणलेल्या लाइनची, ०.९७. म्हणजे ब्रेड तरंगते, नायलॉन रेंगाळत बुडतो आणि फ्लोरोकार्बन सरळ खाली जातो. हलक्या बाल्साच्या नाकाला जाड फ्लोरोकार्बनचा लांब लीडर लावला की तो नाक खाली ओढतो. "नाक खुपसतो" या लक्षणाचं निम्म्या वेळा एवढंच कारण असतं. टॉपवॉटरसाठी नायलॉनचा लीडर लावा. आणि कडीवर करकचून बसणारी गाठ न मारता सैल लूप ठेवा, म्हणजे नाकाला दोन्हीकडे वळायला जागा मिळते. गाठ कडीवर एका बाजूला सरकून घट्ट बसली तर ल्यूर त्या बाजूचाच होऊन जातो.

पुढची कडी

स्थिर पाण्यात सरळ, पण ओढताना एकाच बाजूला पळतो, त्याचा हा इलाज. ल्यूरचं तोंड तुमच्याकडे करून धरा. तो तुमच्या डावीकडे पळत असेल तर कडी तुमच्या उजवीकडे वाकवायची, उजवीकडे पळत असेल तर डावीकडे. नोज प्लायरने अगदी केसभर. डोळ्याला जेमतेम दिसेल इतकंच वाकवा, पाण्यात बघा, मग पुन्हा. जोर देऊन एकदम वाकवलं तर ल्यूर दुसऱ्या टोकाला जातो आणि तुम्ही संध्याकाळभर इकडून तिकडे करत बसता.

कडी वाकवायची, पिळायची नाही. पिळली की तारेभोवतीचा इपॉक्सी सुटतो आणि नाकाशी बारीक फट पडते. त्या फटीतून काय होतं ते पुढच्या भागात. वाकवून झाल्यावर कडीच्या मुळाशी भिंगातून बघा आणि शंका आली तर पातळ फेविक्विकचा एक थेंब सोडा.

कडी जर स्क्रू मारून बसवलेली असेल आणि हाताने हलत असेल, तर तोलाचा विचार सोडा. बाल्सात नुसता स्क्रू धरत नाही. तो ल्यूर मासा लागल्यावर तुमच्याकडे कडी परत देईल आणि बाकीचं मासा घेऊन जाईल. बाल्साला नाकापासून शेपटीपर्यंत एकसंध स्टेनलेसची तारच हवी, सुमारे एक ते सव्वा मिलिमीटरची. निदान कडीच्या जागी घट्ट लाकडाची खुंटी चिकटवून त्यात स्क्रू मारलेला हवा.

पाणी शिरतंय का

परत परत होणारा दोष म्हणाल तर हाच. तोल बिघडला म्हणून आणलेल्या ल्यूरमध्ये खरा आजार बहुतेक वेळा हा निघतो.

बाल्सा आपल्या काटेसावरीच्या भाऊबंदांतला. लॅटिन अमेरिकेच्या उष्ण जंगलातला, बाजारात येतो तो मुख्यतः इक्वाडोरचा. भराभर वाढतो आणि मोठ्या पातळ भिंतींच्या पेशींनी भरलेला असतो. जिवंतपणी त्या पेशींत पाणी असतं, वाळल्यावर हवा. संधी मिळाली की पुन्हा पाणी. १९४७ साली थोर हेयरडालने पेरूहून पॅसिफिक ओलांडणारा कॉन-टिकी तराफा बाल्साच्या ओंडक्यांचा बांधला तेव्हा ओंडके मुद्दाम ताजे, रसाळ घेतले होते. आतल्या रसामुळे समुद्राचं पाणी आत यायला वेळ लागतो, हा हिशोब. आपल्या हातात येतो तो एरोमॉडेलिंगच्या दुकानातला भट्टीत वाळवलेला, ठणठणीत कोरडा बाल्सा. तो पाण्याची वाटच बघत असतो.

तपासायचं कसं? पहिला मार्ग वजनकाटा. ल्यूर पूर्ण तयार झाला की गळ-रिंगा काढून नुसत्या बॉडीचं वजन ग्रॅमच्या दशांशापर्यंत मोजा आणि वहीत लिहा. शंका आली की पुसून पुन्हा मोजा. वाढलं असेल तर वाद संपला. वजन लिहून ठेवलं नसेल तर आज मोजा, रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, सकाळी पुसून मोजा.

दुसरा मार्ग भोक शोधण्याचा. हाताला सोसेल इतपत गरम पाणी पातेल्यात घ्या, गळ काढलेला ल्यूर चमच्याने दाबून पूर्ण बुडवा. आतली हवा तापून फुगते आणि जिथे फट असेल तिथून बारीक बुडबुड्यांची माळ वर येते. सुरुवातीला सगळ्या अंगावरून दोनचार बुडबुडे सुटतात, ते बाहेर चिकटलेले. एकाच टिंबातून सतत येणारे बघा. ठरलेल्या जागा म्हणजे कड्यांची मुळं, पोटातलं शिशाचं बूच, पॉपरच्या खोलगट तोंडाची कड आणि गळाच्या टोकाने घासून पोटावर उठलेली अर्धवर्तुळाकार रेघ. ही रेघ तर हमखास. पोटाचा ट्रेबल झोके खात तिथेच घासतो.

भोक सापडलं म्हणून लगेच बुजवू नका. आत पाणी असताना वरून बुजवलं तर ओल कोंडते, लाकूड आडवं फुगतं आणि लेपाला दुसरीकडे तडा जातो. भोकाभोवतीचा लेप पैशाएवढा खरवडून लाकूड उघडं करा आणि वाळू द्या. उन्हाळ्यात सावलीत पंख्याखाली. पावसाळ्यात आपल्याकडे हवेतच एवढी ओल असते की नुसतं ठेवून उपयोग नाही. सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवा. रोज मोजा. वजन मूळ आकड्यावर आलं, किंवा लागोपाठ दोन दिवस तेच राहिलं, की वाळलं. भट्टी, हेअर ड्रायर, गॅसजवळ ठेवणं असले शॉर्टकट नकोत, लेप मऊ पडून सुटतो.

मग उघड्या लाकडावर पातळ सायनोअॅक्रिलेट, म्हणजे पाण्यासारखं फेविक्विक, जिरेपर्यंत सोडा. बाल्सा ते पितो आणि नखाला टणक लागतो. खिडकी उघडी ठेवा, वाफ डोळ्यांना झोंबते. आणि हे पुसायला सुती फडकं किंवा सुती हातमोजे वापरू नका. कापसाला लागलं की ते झटक्यात तापतं, धूर निघतो, हात भाजतो. वरून इपॉक्सीचा हात द्यायचा तो अर्ध्या तासात घट्ट होणारा, पाच मिनिटांचा नव्हे. झटपट जातीचे पाण्यात लवकर हार मानतात आणि पिवळे पडतात.

इपॉक्सी लावायची वेळही महत्त्वाची. सकाळी लावला तर दिवस तापत जातो, लाकडातली हवा फुगते आणि ओल्या लेपातून बुडबुडे काढत बाहेर येते. तीच पुढची भोकं. संध्याकाळी, हवा थंड होत असताना लावा म्हणजे लाकूड लेप आत ओढून घेतं. होडी बांधणारे हे नेहमी पाळतात.

लेप एका बाजूला जाड

बॉडी कोरडी आहे, गळ काढूनही तिरकी आहे, तर लेप बघा. इपॉक्सी लावून ल्यूर टांगून ठेवला तर तो ओघळून शेपटीशी थेंब धरतो. आडवा ठेवला तर एका कुशीला जमतो. खूण केलेल्या कुशीवर उजेड तिरका पाडा, उंचवटे दिसतील. कागदाची पट्टी मध्यरेषेपासून मध्यरेषेपर्यंत दोन्ही बाजूंनी गुंडाळून लांबी ताडून बघा. जाड बाजू ४०० नंबरच्या वॉटर पेपरने पाणी लावून घासा आणि दर थोड्या वेळाने बादलीत बघा. पॉलिश पेपर हातात घ्यायची परवानगी इथे पहिल्यांदा.

कायमचा इलाज म्हणजे लेप घट्ट होईपर्यंत ल्यूर सावकाश फिरत ठेवणं. लोक त्यासाठी मायक्रोवेव्हच्या ताटलीची मोटर काढतात, मिनिटाला पाच-सहा फेरे, अगदी योग्य वेग. पण त्यातल्या काही थेट घरच्या २३० व्होल्टवर चालतात आणि काही कमी व्होल्टच्या असतात. लेबल वाचता येत नसेल, उघड्या वायरी जोडाव्या लागत असतील, तर वायरमनला बोलवा. मायक्रोवेव्ह स्वतः उघडून मोटर काढायच्या भानगडीत तर पडूच नका. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा भार उरू शकतो. सुटी मोटर भंगारात किंवा रिपेअरवाल्याकडे मिळते.

पोटातलं वजन

सैल ल्यूरचा इलाज. ड्रिल मारण्याआधी वजन बाहेरून लावून बघा. शिशाच्या तारेचा किंवा चपट्या केलेल्या शिशाच्या गोळीचा तुकडा पोटावर मध्यरेषेत चिकटपट्टीने लावा. मागेपुढे सरकवा. मागे नेलं की शेपूट बुडते आणि नाक उचलतं. पेन्सिलला आणि पॉपरला दोघांनाही हेच हवं असतं. पुढे आणलं की नाक खुपसणं सुरू. जागा सापडली की पेन्सिलने खूण, मग गिरमिटाने खालून भोक, शिसं इपॉक्सीत बसवायचं, वरून बूच.

किती वजन घालायचं याचा अंदाज आधीच करता येतो. वरच्या उदाहरणातली २० घनसेंटिमीटरची बॉडी मध्यम बाल्साची असेल तर लाकूड जेमतेम ३ ग्रॅम. तार, लेप, रंग, गळ, रिंगा, शिसं सगळं धरून एकूण १४-१५ ग्रॅम झालं तर बॉडीचा सुमारे पाऊण भाग पाण्याखाली बसेल. एवढं बसलेला ल्यूर सहसा सरळ राहतो आणि लांबही फेकला जातो. १७-१८ च्या वर गेलात तर पॉपर उसळायचा बंद होतो.

शिसं घरात वितळवू नका. तयार गोळ्या, तार, पट्ट्या मिळतात. त्या कापून चालतं, काम झालं की हात धुवा आणि कीस झाडून टाका. स्वयंपाकघरातल्या गॅसवर डबा ठेवून शिसं ओतणारे आहेत. ज्या घरात लहान मूल आहे तिथे तर हा प्रकार नकोच नको.

आता चाकू

इथपर्यंत येऊनही ल्यूर तिरका असेल तर दोन शक्यता उरतात. तारेसाठी पाडलेली खाच मध्यरेषेवर नाही, किंवा बॉडीचे एकमेकांना चिकटवलेले दोन अर्धे तुकडे वेगळ्या घनतेच्या फळ्यांतले आहेत. एकाच दुकानातल्या एकाच जाडीच्या दोन बाल्साच्या फळ्या वजनाला दुप्पट फरकाच्या निघू शकतात. साधारण १०० पासून २५० किलो प्रति घनमीटरपर्यंत काहीही मिळतं. १०० मिमी रुंद, १ मीटर लांब, १० मिमी जाड फळी म्हणजे बरोबर एक लिटर लाकूड. ती काट्यावर टाका, ग्रॅमचा जो आकडा येईल तीच तिची घनता. १५० ते २०० मधली घ्या. १०० च्या आसपासची नखाने दबते, तारेभोवती चुरते. दोन्ही अर्धे एकाच फळीतले, शेजारशेजारचे कापा.

तिरकी खाच दुरुस्त करायला जाऊ नका. भरून पुन्हा पाडलेली खाच कधी सरळ येत नाही आणि भरावाचं वजन वेगळं. बॉडी फोडा, तार, रिंगा, शिसं काढून घ्या, नवीन कापा. बाल्साचा तुकडा या सगळ्यात स्वस्त वस्तू आहे. लोकांना जीव रंगकामावर जडतो म्हणून ते नको त्या बॉडीला धरून बसतात.

हाताने दोन्ही बाजू सारख्या येतच नसतील तर लेथवाल्याकडून गोल बॉड्या काढून घ्या. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी फळं आणि खेळणी करणारे कारागीर आहेत, अशा हाताला हे काम अवघड नाही. पण त्यांना बाल्सा देऊ नका, लेथवर तो भुसा होतो. पांगाऱ्यासारखं हलकं पण जरा घट्ट लाकूड चालतं का ते त्यांनाच विचारा. लाकूड जड झालं की पोटातलं शिसं त्या मानाने कमी करायचं.

इथे थांबा

गाड्यांना मारतात तो दोन भागांचा, हार्डनर मिसळायचा क्लिअर कोट ल्यूरवर सुंदर दिसतो, टिकतोही. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. फवारताना ते श्वासात गेलं तर दमा लागू शकतो, आणि एकदा शरीर चिडलं की पुढे अगदी थोड्या वाफेनेही त्रास होतो. साधा मास्क त्याला अडवत नाही. घरच्या गॅलरीत हे मारू नका. बूथ आणि हवा पुरवणारा मास्क असलेल्या गाडी रंगवणाऱ्याकडे पाचदहा ल्यूर एकदम द्या.

इपॉक्सीने हातावर, पापण्यांवर खाज किंवा पुरळ आलं तर काम थांबवा आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. ही अॅलर्जी दरवेळी वाढत जाते. पुढे हातमोजे घालूनही सोसत नाही. मोजे आधीपासूनच घाला, नायट्राइलचे.

आणि गळ. बादलीशी खेळतानाच तो जास्त वेळा लागतो, पाण्यावर नव्हे. ल्यूर गळाला लोंबत असेल तर सर्वात आधी कटरने रिंग तोडून ल्यूर वेगळा करा, म्हणजे झटका बसणार नाही. काटा कातडीखाली पूर्ण गेला असेल तर उपटू नका. बोटाच्या सांध्याजवळ, तळहातात खोल, चेहऱ्यावर असेल तर तसाच ठेवून दवाखान्यात जा. डोळ्याजवळ असेल तर त्याला हातसुद्धा लावू नका, वर कागदी कप झाकून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. शेवटचं धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते डॉक्टर विचारतीलच, आठवून ठेवा.